पॉलिहाऊसला रविवार नसतो

आपल्या कॉलेजच्या पॉलिहाऊसवरून गेले दहा दिवस गावात जे चाललंय, त्यावर आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच वाचा. कॉलेजचं नाव मुद्दाम टाकत नाही. गावातल्यांना ते माहीत आहे, बाहेरच्यांना त्याची गरज नाही, आणि हा विषय एका कॉलेजपुरता नाहीच.

ज्यांच्यापर्यंत पोचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या रविवारी नव्हे, त्याच्या आदल्या रविवारी सकाळच्या पाळीत बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला पॉलिहाऊसमध्ये चक्कर आली, उलट्या झाल्या. बरोबरच्या पोरांनी त्याला बाहेर काढलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत सलाइन होतं, आता तो बरा आहे. कुणीतरी काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणतोय, पोरं शिकायला पाठवली का गडी म्हणून? दुसरा म्हणतोय, आजकालची पोरं नाजूक, आम्ही नांगर धरून शिकलो. काही पालकांनी निवेदन दिलंय की शनिवार-रविवारची पाळी कायमची बंद करा. संस्थेच्या येत्या बैठकीत हा विषय आहे.

या मागच्या शनिवारी आणि रविवारी मी दोन्ही पाळ्यांना जाऊन थांबलो. पोरांशी बोललो, मामांशी बोललो, सोमवारी प्राचार्यांना भेटलो. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत शोधत बसायला नको. पाळी बंद करू नये. आणि आज चालते तशी ती आणखी एक रविवारही चालवू नये.

आधी हे सुट्टीच्या दिवशी काम कशाला, ते. आपलं पॉलिहाऊस दहा गुंठ्यांचं आहे. अर्ध्यात जरबेरा, अर्ध्यात रंगीत ढोबळी. ज्यांच्या घरी पॉलिहाऊस आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांना वाटतं की प्लॅस्टिक टाकलं, ठिबक सोडलं की झालं. तसं नसतं. सकाळी उजाडताना बाजूचे पडदे वर गुंडाळावे लागतात, नाहीतर बाहेर छत्तीस-सदतीस असलं तर आत चाळिशी कधी ओलांडली ते कळत नाही. जरबेराची फुलं उन्हाच्या आत काढावी लागतात. मधल्या चकतीच्या बाहेरच्या दोन-तीन ओळी उमलल्या की फूल काढायचं. तेही चाकूने कापायचं नाही, देठ बुडाशी धरून बाजूला झुकवून हिसका द्यायचा. कापलं की खाली राहिलेला खुंट सडतो आणि रोपाला लागण होते. मग देठाचं टोक छाटून फुलं पाण्याच्या बादलीत, मग प्रत्येक फुलाला टोपी, मग दहाचा बंच. आपल्याकडे दिवसाला तीनशेच्या आसपास फुलं निघतात. रविवारी काढलं नाही तर ते फूल सोमवारी जास्त उमललेलं असतं, व्यापारी ते घेत नाही. ढोबळीचे फुटवे काढायचे, वाढलेले शेंडे दोरीला चढवायचे, ठिबकचे ड्रिपर तुंबलेत का बघायचं. हे सगळं शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी करायला चौदा पोरं-पोरी येतात. शनिवारी तीन तास, रविवारी चार.

हे काम येणं म्हणजे काय, ते रविवारी सकाळी पाहिलं. एक मुलगी ढोबळीच्या पानाची मागची बाजू बोटाने उलटून बघत ओळीतून चालली होती. मी विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, "कोळी आहे का बघते सर. वरून दिसत नाही, पान वाटीसारखं व्हायला लागलं की उशीर झालेला असतो." तिच्या घरी दीड एकर जिरायत आहे, पॉलिहाऊस तिनं कॉलेजात येईपर्यंत रस्त्यावरूनच पाहिलेलं. तिनं हे पुस्तकातही वाचलंय, पण पान उलटायची सवय तिला या पाळीने लावली. ही पाळी बंद करा म्हणणाऱ्या पालकांनी एकदा येऊन हे बघावं, अशी माझी विनंती आहे.

कृषी महाविद्यालयांत हे तत्त्व अभ्यासक्रमातच घातलेलं आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा 'स्टुडंट रेडी' कार्यक्रम २०१५ पासून आहे. त्यात शेवटच्या वर्षाला मुलं गावात जाऊन शेतकऱ्यांसोबत राहतात, आणि अनुभवाधारित शिक्षणात रोपवाटिका, संरक्षित शेती, प्रक्रिया असं एखादं युनिट स्वतः चालवतात. त्याच्या नफ्यात मुलांना वाटा द्यायचीही पद्धत आहे. आपलं कॉलेज कृषी विद्यापीठाखालचं नाही, साधं कला-विज्ञान-वाणिज्य आहे, त्यामुळे इथे पोरं येतात ती 'कमवा आणि शिका'मधून. आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते.

या चौदा जणांत गावातल्या दुकानदाराचं, मास्तरचं, बागायतदाराचं पोरगं एकही नाही. शनिवारी दुपारी ज्यांच्याकडे गाडी आहे ते घरी जातात किंवा क्लासला जातात. राहतात ती खोली करून राहणारी, बाहेरगावची, बापाकडे मागायला लाज वाटणारी. फी माफ झाली, शिष्यवृत्ती मिळाली, एसटीचा सवलतीचा पास निघाला, तरी खोलीभाडं आणि खानावळ कुणी माफ करत नाही. तासाला पन्नासच्या आतबाहेर मिळतात असं पोरं सांगतात. आठवड्याला सात तास, म्हणजे साडेतीनशे. महिन्याला चौदाशे.

दर कमी आहे म्हणून ओरडणाऱ्यांनी थोडं थांबावं. रोजगार हमीची आपल्या राज्यातली २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. आठ तास धरले तर तासाला चाळीसही पडत नाहीत. तेव्हा पोरांचा दर त्यापेक्षा वर आहे. गावातल्या शेतमजुरीच्या मानाने कमी आहे, ते खरं, पण माझा मुद्दा दराचा नाही.

माझा मुद्दा तारखेचा आहे. या चौदा जणांना चार महिने पैसे मिळालेले नाहीत.

चौदा जण, चौदाशे रुपये, चार महिने. हिशोब करा. अठ्ठ्याहत्तर हजार चारशे. कॉलेजसाठी ही रक्कम किती आहे हे मी सांगत नाही, स्नेहसंमेलनाच्या मंडपाचं बिल आठवा. ऑफिसात विचारलं तर उत्तर येतं, 'वरून अनुदान आलेलं नाही'. ते खरंही असेल. पण याच पॉलिहाऊसच्या फुलांचे पैसे दर आठवड्याला येतात. व्यापाऱ्याची गाडी सकाळी येते, बंच मोजते, आठवड्याने रोख देते. मी होतो त्या आठवड्यात दहाच्या बंचला चाळीस रुपये भाव होता. दिवसाला तीस बंच, आठवड्याचे दोनशे दहा. आठ हजार चारशे झाले. लग्नसराईत भाव चढतो, पितृपंधरवड्यात पडतो, खतं-औषधं-वीज आहेच, हे मला कळतं. नफा किती उरतो हा वेगळा हिशोब. पण महिन्याला वीस हजारांच्या आत बसणारी पोरांची मजुरी आधी यातून द्यायची आणि अनुदान आलं की वळती करून घ्यायची, याला कोणता नियम आडवा येतो ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

मग चार महिने ही पोरं जेवली कशी? मी खानावळवाल्या काकूंना भेटलो. त्यांच्याकडे वही आहे. या चौदांपैकी सहा जण त्यांच्याकडे जेवतात, सहाही जणांच्या नावापुढे बाकी आहे. काकू म्हणाल्या, "पोरगं रविवारी चिखलाच्या पायाने येतं, त्याला काय पैसे माग म्हणता?" म्हणजे बघा, आपल्या कॉलेजची 'कमवा आणि शिका' योजना सध्या कोण चालवतंय? गॅसच्या सिलिंडरचा भाव बघून भाकऱ्यांची संख्या ठरवणारी एक विधवा बाई चालवतेय. वार्षिक अहवालात तिचं नाव येणार नाही.

रोजगार हमीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ही कल्पना आपल्याच मातीतली. वि. स. पागे हे तासगावकडच्या विसापूरचे, आणि १९७२ च्या दुष्काळात या योजनेने राज्यात माणसं जगवली. पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा झाला तेव्हा त्यात लिहिलं गेलं की मजुरी पंधरा दिवसांत मिळाली पाहिजे, उशीर झाला तर भरपाई. प्रत्यक्षात किती पाळलं ते मजुरांना विचारा, पण निदान कागदावर तरी खडी फोडणाऱ्याला हक्क आहे. पॉलिहाऊसमध्ये फुलं काढणाऱ्या विद्यार्थ्याला तो कागदही नाही, कारण तो मजूर धरला जात नाही. तो 'लाभार्थी' आहे. काम करून पैसे घेणारा लाभार्थी कसा, हे मला पत्रकारितेच्या डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं आणि अजूनही कळलेलं नाही.

या योजनेला कर्मवीरांचं नाव घेऊन भाषणं होतात, म्हणून तेही बोलू. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला. पोरंच स्वयंपाक करायची, लाकडं फोडायची, शेतात राबायची. १९२७ ला गांधीजी तिथे येऊन गेले. पुढे १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही याच पायावर. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या कष्टांचं पुढे काय व्हायचं, हे भाषणात येत नाही. पोरांनी पिकवलेलं त्यांच्याच ताटात यायचं. आणि कमी पडलं तर? लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. पोरं उपाशी राहू नयेत म्हणून. म्हणजे तुटीचा भार चालवणाऱ्यांनी आपल्या अंगावर घेतला, तो पोरांवर ढकलला नाही. आपल्याकडे तूट आली की ती सरळ वसतिगृहाच्या आणि खानावळीच्या वहीत जाते. कर्मवीरांचा फोटो मात्र पॉलिहाऊसच्या दारावर आहे, प्लॅस्टिकच्या हारासकट. जरबेरा आत तीनशे निघतात आणि बाहेर हार प्लॅस्टिकचा. असो.

आता त्या रविवारबद्दल. पोरांनी मला जे सांगितलं आणि मामांनी ज्याला मान डोलावली तेवढंच लिहितो. शनिवारी संध्याकाळी ढोबळीवर कोळ्यासाठी फवारणी झाली. फवारणी पोरांनीच केली. तोंडाला रुमाल. हातमोजे एक जोडी आहेत, ते ज्याच्या पाठीवर पंप त्याला. रात्री पडदे खाली. रविवारी मामांना सुट्टी असते, मामा म्हणजे तिथले एकमेव पगारी माणूस. सर येतात ते सोमवारी. तर साडेसहाला पोरं आली, फुलांची गाडी आठला येणार म्हणून पडदे उघडायच्या आधीच थेट ओळीत घुसली. तो मुलगा नाष्टा न करता आलेला. पाऊण तासात खाली बसला.

दवाखान्याच्या कागदावर काय आहे तो त्या घरचा खासगी मामला आहे, मी ते इथे मांडणार नाही. पण फवारलेल्या बंद जागेत वारा खेळवल्याशिवाय माणूस सोडायचा नसतो, ही गोष्ट औषधाच्या डब्यातल्या माहितीपत्रकाच्या आधीपासून शेतकऱ्याला कळते. डब्यावर त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मी पाळीतल्या पोरांना विचारलं, चौदांपैकी तिघांना रंगांचा क्रम सांगता आला. ही विज्ञानाची मुलं आहेत, आणि हे कॉलेज आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ ला कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तिथे उंच वाढलेली कपाशी होती, उघडं रान होतं. इथे तर वर-खाली चारी बाजूंनी प्लॅस्टिक आहे.

त्या दिवशी पोरांनी काय केलं हेही लिहायला हवं, कारण व्हिडिओत ते दिसत नाही. एकाने पडदे वर घेतले. दोघांनी त्याला उचललं. एका मुलीने औषधाची रिकामी बाटली पिशवीत घालून बरोबर घेतली, डॉक्टरांना दाखवायला. हे तिला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "चुलत्याला एकदा झालं होतं." बाकीच्यांनी राहिलेली फुलं काढून गाडी भरून दिली. सरांना फोन लागला तेव्हा पावणेनऊ झाले होते.

प्राचार्य मला नीट बोलले, टाळाटाळ केली नाही, ते नोंदवतो. त्यांचं म्हणणं असं: शिक्षकांच्या जागा रिकाम्या, निम्मे तासिका तत्त्वावर, त्यांना रविवारी बोलवायचं कोणत्या तोंडाने? मामांना रविवारी थांबवलं तर जादा पगार द्यावा लागेल. मला हे पटतं. तासिकेवरच्या प्राध्यापकाचे हाल मी वेगळे लिहिले आहेत. पण याचा अर्थ असा होतो की कॉलेजमध्ये ज्याला ज्याला 'रविवारी येणार नाही' म्हणता येतं तो येत नाही, आणि ज्याला म्हणता येत नाही तो अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी येतो. उद्घाटनाला आठवतंय ना, रविवारच होता? फीत कापायला अकरा जण होते, फोटोत पॉलिहाऊस दिसत नव्हतं.

आता दोन्ही तटांना.

'गडी म्हणून पाठवलं का' म्हणणाऱ्यांनो, तुमचा राग मला समजतो. पण तुमच्या निवेदनावर ज्यांच्या सह्या आहेत त्या मी वाचल्या. पाळीला येणाऱ्या चौदांपैकी दोघांच्याच पालकांच्या आहेत. बाकी सह्या ज्यांची पोरं पाळीला येत नाहीत त्यांच्या. पाळी बंद झाली तर तुमचं काही जात नाही. त्या पोरांचे चौदाशे जातात, उशिरा का होईना मिळणारे. ती पोरं मग रविवारी केटरिंगला वाढपी म्हणून जातील, रात्री दोनला परत येतील, आणि तिथे पान उलटून बघायला कुणी शिकवणार नाही. मातीत हात घालणं कमीपणाचं आहे हे आपण पोरांना घरात शिकवतोच, आता कॉलेजकडूनही शिकवून घ्यायचं का?

आणि 'आम्ही नांगर धरून शिकलो' म्हणणाऱ्या काका लोकांनो, तुम्ही नांगर घरचा धरला होता. शेजारी बाप उभा होता. औषधाचा पंप पाठीवर देऊन बाप रविवारी गावाला गेला नव्हता.

मी प्राचार्यांना आणि संस्थेच्या सचिवांना लेखी पत्र दिलंय, पोच घेतली आहे. त्यात मागितलंय ते एवढंच. फवारणी विद्यार्थ्यांनी करायची नाही, शिकायची असेल तर सर समोर असताना, पूर्ण साहित्य घालून, आणि शनिवारी संध्याकाळी तर नाहीच. रविवारी एक पगारी जबाबदार माणूस हजर पाहिजे. मामांना रविवारचा जादा पगार देऊन सोमवारी सुट्टी द्या, मामा तयार आहेत, मी विचारलं. मजुरी दर महिन्याच्या दहा तारखेला, अनुदान येवो न येवो, फुलांच्या पैशातून. आणि फुलं-ढोबळीची जमा, खतं-औषधांचा खर्च, पोरांची मजुरी, हा महिन्याचा हिशोब पॉलिहाऊसच्या दारावर लावा. त्याचा अभ्यासही होईल. पोरांना आज जरबेराचं फूल कसं काढायचं ते येतं, पण त्या दहा गुंठ्यांतून सुटतं काय ते एकालाही माहीत नाही. उद्या यातलं कुणी कर्ज काढून स्वतःचं पॉलिहाऊस उभं करायला गेलं तर त्याला नेमकं हेच लागणार आहे. अनुदानाचा अर्धा वाटा सरकार देतं, पण बँकेचा हप्ता आणि तीन-चार वर्षांनी बदलायचं प्लॅस्टिक त्याचं त्यालाच बघायचं असतं.

मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा मामा स्वतःहून आले होते, सुट्टी असून. पडदे साडेपाचलाच उघडलेले. विचारलं तर म्हणाले, "झोप लागत नाय आता." हे किती रविवार चालेल ते बघू.

बैठक गुरुवारी अकरा वाजता आहे, ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये. पालकांना बसता येतं, तसा ठराव जुना आहे, कुणी अडवलं तर मला फोन करा. पाळीला येणाऱ्या पोरांच्या घरच्यांनी जमलं तर नक्की या, सह्या करणाऱ्यांनी तर याच. आणि पोरांनो, हजेरीच्या वहीचे गेल्या चार महिन्यांचे फोटो आजच काढून ठेवा. प्रत्येक पानाचे, तारीख दिसेल असे.